ॲथॉलचे रिक्लूज प्रेस आणि मुद्रक डब्ल्यू. पॉल कुक

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत इंग्रजी गूढकथेला जी साहित्यिक प्रतिष्ठा हळूहळू लाभली, तिच्या इतिहासात लेखकांची, मासिकांची आणि संपादकांची नावे ठळकपणे येतात. परंतु ज्या मुद्रकाने त्यातील काही पायाभूत लेखन मागून घेतले, त्याचे खिळे जुळवले आणि विक्रीची आशा नसताना ते छापून वाटले, त्या विल्यम पॉल कुक यांचे नाव बहुधा तळटीपेतच राहते. येथे गूढकथा हा शब्द गुन्ह्याचा किंवा रहस्याचा उलगडा करणाऱ्या कथेसाठी वापरलेला नाही. निसर्गाच्या ज्ञात नियमांना छेद देणारे काहीतरी माणसाच्या अनुभवात शिरले आहे आणि त्याचे पूर्ण स्पष्टीकरण कधीच मिळणार नाही, या जाणिवेवर जी कथा उभी राहते तिच्यासाठी तो योजला आहे. कुक यांच्या ‘द रिक्लूज’ या अनियतकालिकाचा एकमेव अंक १९२७ मध्ये निघाला आणि २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने या छोट्या मुद्रणसंस्थेची हकिकत सलगपणे मांडणे उचित ठरेल.

ही संस्था ज्या परंपरेतून आली ती हौशी पत्रकारितेची परंपरा होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत टेबलावर मावणारी लहान छपाई यंत्रे स्वस्त झाली, तेव्हा शाळकरी मुलांपासून प्रौढांपर्यंत अनेकांनी स्वतःची चार-आठ पानी पत्रे काढण्यास सुरुवात केली आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे या मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे १८९५ मध्ये दुसरी एक संघटना उभी राहिली. या पत्रांना वर्गणी नसे. प्रत्येक सभासद आपला अंक स्वखर्चाने छापून इतरांना टपालाने पाठवी, त्याच्या बदल्यात इतरांचे अंक त्याच्याकडे येत, आणि एकमेकांच्या लेखनावरची टीका पुढच्या अंकांतून छापली जाई. मराठी साहित्यात साठच्या दशकात लघुअनियतकालिकांनी जे केले त्याच्याशी या व्यवहाराचे काही बाबतींत साम्य आहे, मात्र येथे प्रस्थापित साहित्याविरुद्ध बंडाची भूमिका नव्हती. उलट यातले पुष्कळसे लेखक जुन्या वळणाचे, छंदोबद्ध कविता लिहिणारे आणि व्याकरणाविषयी दक्ष असे होते. या जगात चांगला मुद्रक हा चांगल्या लेखकाइतकाच दुर्मीळ असे, आणि कुक यांचे महत्त्व प्रथम या कारणाने निर्माण झाले.

कुक यांचा जन्म १८८० च्या सुमारास व्हरमाँट राज्यात झाला. न्यू इंग्लंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ईशान्य अमेरिकेतील डोंगराळ, थंड आणि जुन्या वसाहतींच्या खुणा बाळगणाऱ्या या प्रदेशाशी त्यांचे नाते आयुष्यभर टिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या आपल्या ‘मोनॅडनॉक मंथली’ या पत्रालाही त्यांनी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील एका पर्वताचे नाव दिले होते. त्यांच्या कार्याचा मुख्य काळ मात्र मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲथॉल या गावी गेला. मिलर्स नदीच्या काठचे हे छोटे औद्योगिक गाव अचूक मोजमापाची हत्यारे बनवणाऱ्या स्टॅरेट कंपनीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ‘ॲथॉल ट्रान्स्क्रिप्ट’ या स्थानिक वृत्तपत्राच्या छपाई विभागाचे कुक हे प्रमुख होते. उपजीविकेसाठी वृत्तपत्राची पाने, जाहिराती आणि गावातली किरकोळ छपाई करायची, आणि त्याच कौशल्यातून आपल्या आवडीचे साहित्य छापायचे, असा त्यांचा दुहेरी क्रम राहिला. हौशी संघटनांतही त्यांनी अधिकारपदे सांभाळली आणि एकीच्या मुखपत्राची छपाई काही वर्षे त्यांच्याकडे होती.

१९१५ मध्ये त्यांनी ‘द व्हेग्रंट’ हे पत्र सुरू केले. हौशी पत्रांच्या मानाने त्याचे अंक भरघोस असत आणि त्यांत कथेला, विशेषतः गूढकथेला, असामान्य प्रमाणात जागा मिळे. याच काळात प्रॉव्हिडन्स शहरात राहणारा हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट हा एक एकांतप्रिय तरुण हौशी पत्रकारितेत दाखल झालेला होता. १९१४ मध्ये सभासद झालेला लव्हक्राफ्ट तोवर मुख्यतः अठराव्या शतकाच्या धर्तीवरच्या कविता, टीकालेख आणि खगोलशास्त्रावरील स्तंभ लिहीत असे. किशोरवयात त्याने काही भयकथा लिहिल्या होत्या, पण १९०८ नंतर कथालेखन पूर्णपणे थांबवले होते. ‘द अल्केमिस्ट’ ही त्याची जुनी कथा १९१६ मध्ये संघटनेच्या मुखपत्रात आली, ती कुक यांच्या वाचनात आली, आणि या माणसाचे खरे क्षेत्र कविता नसून कथा आहे, असे त्यांनी ओळखले. त्यांनी लव्हक्राफ्टला कथालेखनाकडे परतण्याचा आग्रह केला. १९१७ च्या उन्हाळ्यात ‘द टूम’ आणि ‘डेगॉन’ या कथा लिहिल्या गेल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुक प्रॉव्हिडन्सला जाऊन त्याला प्रत्यक्ष भेटले.

लव्हक्राफ्टला कथाकार बनवण्याचे सर्व श्रेय एकट्या कुक यांना देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण संघटनेतील इतरांनीही त्याला प्रोत्साहन दिले होते. परंतु प्रोत्साहन देणाऱ्यांपैकी छापखाना हाताशी असणारा आणि दिलेला शब्द कागदावर उतरवणारा माणूस हाच होता, ही गोष्ट निर्णायक मानली पाहिजे. जून १९१८ च्या ‘व्हेग्रंट’मध्ये लव्हक्राफ्टची किशोरवयातील ‘द बीस्ट इन द केव्ह’ ही कथा आली, नोव्हेंबर १९१९ मध्ये ‘डेगॉन’, मे १९२० मध्ये ‘द स्टेटमेंट ऑफ रँडॉल्फ कार्टर’ आणि मार्च १९२२ मध्ये ‘द टूम’. ‘डेगॉन’ छापताना कुक यांनी लव्हक्राफ्टच्या कथालेखनाची ओळख करून देणारा स्वतंत्र लेखही लिहिला, आणि या लेखकाच्या कथांवरील गंभीर टीकेचा आरंभ त्या लेखापासून धरावा लागतो. गूढकथेला वाहिलेले ‘वीअर्ड टेल्स’ हे व्यावसायिक मासिक मार्च १९२३ मध्ये निघाले. म्हणजे या प्रकारच्या कथेला पैसे देणारी बाजारपेठ उभी राहण्यापूर्वी कित्येक वर्षे तिला एका गावातल्या छापखान्याने आसरा दिला होता; ‘डेगॉन’ही त्या मासिकात ऑक्टोबर १९२३ मध्ये, म्हणजे कुक यांच्या छपाईनंतर चार वर्षांनी आली.

कुक यांच्या कार्याचा दुसरा आधार त्यांचे ग्रंथालय होते. अलौकिक आणि भयप्रधान साहित्याचा मोठा खासगी संग्रह त्यांनी जमवला होता आणि तो ते मुक्तहस्ताने उसना देत. ज्या काळात अशी पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांत सहजी मिळत नसत आणि बहुतेक लेखकांना ती विकत घेणे परवडत नसे, त्या काळात टपालाने फिरणारा हा संग्रह एका संपूर्ण लेखकवर्तुळाचे वाचन घडवत होता. लव्हक्राफ्ट हा त्याचा सर्वांत मोठा लाभार्थी होता, आणि १९२५ च्या उत्तरार्धात कुक यांनी त्याच्याकडे जी मागणी केली तिच्या मागेही हेच सामायिक वाचन असावे. साहित्यातील भय आणि गूढ या तत्त्वांचा आढावा घेणारा एक लेख आपल्या नियोजित पत्रासाठी लिहावा, अशी ती मागणी होती.

लव्हक्राफ्ट तेव्हा न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात आर्थिक ओढगस्तीत राहत होता. या लेखाचे मानधन मिळणार नव्हते, तरी त्याने त्यासाठी जवळजवळ पद्धतशीर अभ्यास आरंभला. पूर्वी वाचलेले पुन्हा वाचले, न वाचलेले मिळवले, आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये प्रॉव्हिडन्सला परतल्यावरही हे काम चालू ठेवले. नवे काही हाती लागले की तो मजकुरात भर घाली, आणि ही भर १९२७ च्या वसंतापर्यंत, म्हणजे मजकूर छपाईच्या वाटेवर असतानाही, चालूच राहिली. हाताने किंवा यंत्राने जुळवलेल्या खिळ्यांच्या छपाईत अशा दुरुस्तीचा अर्थ काय होतो हे मुद्रणाशी परिचय असलेल्यांनाच कळेल: एका परिच्छेदात दोन वाक्ये वाढली की पुढच्या ओळी सरकतात, पाने पुन्हा बांधावी लागतात, आणि हे सारे श्रम येथे विनामोबदला होते. कुक यांनी ते केले. सुमारे २८,००० शब्दांचा ‘सुपरनॅचरल हॉरर इन लिटरेचर’ हा प्रबंध अशा रीतीने ‘द रिक्लूज’च्या अंकात सिद्ध झाला.

या प्रबंधात लोककथा आणि प्राचीन साहित्यातील भयापासून आरंभ करून अठराव्या शतकातील गॉथिक कादंबरीचा, म्हणजे जुने किल्ले, शापित घराणी आणि अमानुष शक्ती यांभोवती रचलेल्या कादंबरीचा, विस्तृत मागोवा घेतलेला आहे. होरेस वॉलपोलची १७६४ ची ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ हा तिचा प्रारंभबिंदू मानला जातो. तेथून ॲन रॅडक्लिफ आणि चार्ल्स मॅच्युरिन यांच्यामार्गे लव्हक्राफ्ट एडगर ॲलन पो याच्यापाशी येतो, ज्याला त्याने स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि शेवटी आर्थर मॅकन, अल्जरनॉन ब्लॅकवुड, लॉर्ड डनसेनी आणि एम. आर. जेम्स या समकालीनांना आधुनिक आचार्यांचे स्थान देतो. या चौघांची निवड पुढे जवळजवळ प्रमाणभूत ठरली. गूढकथेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या नंतरच्या बहुतेक अभ्यासकांनी या प्रबंधाशी सहमती दाखवली असेल वा वाद घातला असेल, पण त्याला वळसा घालून कोणालाच पुढे जाता आलेले नाही. नारायण धारपांच्या भयकथांमध्ये लव्हक्राफ्टच्या कल्पनाविश्वाची छाया ओळखणाऱ्या मराठी वाचकालाही त्या विश्वामागचे साहित्यविषयक तत्त्वज्ञान समजून घ्यायचे असेल तर याच प्रबंधाकडे यावे लागते. तो मूळचा एका मुद्रकाच्या मागणीवरून लिहिला गेला, ही गोष्ट म्हणून केवळ चरित्रातला तपशील राहत नाही.

‘द रिक्लूज’चा तो अंक उघडल्यावर मात्र केवळ गूढकथेचे पत्र हाती आल्याचा प्रत्यय येत नाही, आणि याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुखपृष्ठ व्रेस्ट ऑर्टन यांनी सजवलेले होते. आत वॉल्टर जॉन कोट्स यांचा व्हरमाँटच्या आरंभीच्या कवींवरील लेख होता. ॲथॉलमध्येच राहणारे तरुण कथाकार हॅरल्ड वॉर्नर मन आणि मिनेसोटाचे डोनाल्ड वॉन्ड्री यांचे लेखन होते. आणि या सर्वांच्या शेजारी लव्हक्राफ्टचा प्रबंध. प्रादेशिक कविता आणि वैश्विक भय यांना एकाच अंकात बसवताना कुक यांना काही विसंगत वाटले नाही. गूढ ही त्यांच्या दृष्टीने साहित्याची एक स्वाभाविक वृत्ती होती, तिला वेगळ्या कुंपणात ठेवण्याची गरज नव्हती. पुढील काळात विशेष प्रकाशनसंस्थांनी गूढकथेला टिकवून धरले हे खरे, पण त्याच प्रक्रियेत ती सर्वसाधारण साहित्यापासून तुटली, आणि कुक यांची मूळ दृष्टी अधिक उदार होती, असे म्हणण्यास जागा आहे.

त्याच वर्षी ‘व्हेग्रंट’चा दीर्घकाळ रखडलेला अखेरचा अंक ३१२ पानांचा निघाला, हौशी पत्रकारितेच्या मानाने हा आकार अवाढव्य होता. रखडणे हा कुक यांच्या कामाचा स्थायी भाग होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. ‘द रिक्लूज’च्या दुसऱ्या अंकासाठी लव्हक्राफ्टने ‘द स्ट्रेंज हाय हाउस इन द मिस्ट’ ही कथा त्यांच्याकडे दिली होती. तो अंक कधीच निघाला नाही आणि ती कथा शेवटी ऑक्टोबर १९३१ च्या ‘वीअर्ड टेल्स’मध्ये आली.

रिक्लूज प्रेस या नावाने आणि त्याच्या आगेमागे कुक यांनी ॲथॉलमधून काही पुस्तकेही काढली. क्लीव्हलंडचे कवी सॅम्युअल लव्हमन यांचे ‘द हर्मॅफ्रोडाइट’ हे दीर्घकाव्य आणि फ्रँक बेल्कनॅप लाँग यांचा ‘अ मॅन फ्रॉम जेनोआ’ हा कवितासंग्रह ही दोन्ही १९२६ ची. त्यानंतर कॅनडातील दिवंगत कवी जॉन रॅव्हनर बुलेन यांचा लव्हक्राफ्टने संपादित केलेला ‘व्हाइट फायर’ आणि १९२८ मध्ये वॉन्ड्री यांचा ‘एक्स्टसी’. ही पुस्तके काहीशे प्रतींची, काळजीपूर्वक छापलेली आणि जवळजवळ सर्व कवितांची होती. त्यांचे अर्थकारण साधे होते. लाँग यांच्या पुस्तकाचा खर्च त्यांच्या मावशीने उचलला, बुलेन यांच्या पुस्तकाचा एका मित्राने. मुद्रक नफा धरत नसे, लेखक मानधन मागत नसे, आणि प्रती मुख्यतः परिचितांतच जात. अशा व्यवस्थेत संस्था वाढत नाही, पण तिच्या यादीचे मोल वेगळ्या ठिकाणी दिसते: वॉन्ड्री यांचे पहिले पुस्तक येथून निघाले, आणि याच वॉन्ड्री यांनी १९३९ मध्ये ऑगस्ट डर्लेथ यांच्यासह विस्कॉन्सिन राज्यातील सॉक सिटी येथे आर्कम हाउस ही प्रकाशनसंस्था स्थापन करून लव्हक्राफ्टच्या कथा ग्रंथरूपात जगापुढे आणल्या.

मुद्रक या नात्याने केलेल्या कार्याखेरीज कुक यांनी लव्हक्राफ्टला स्वतःच्या प्रदेशाचीही ओळख करून दिली. ऑगस्ट १९२७ मध्ये त्यांच्याच सोबतीने लव्हक्राफ्टने व्हरमाँट प्रथम पाहिले. त्या अनुभवावरचा त्याचा लेख कोट्स यांच्या ‘ड्रिफ्टविंड’ या पत्रात मार्च १९२८ मध्ये छापला गेला आणि तोच भूप्रदेश पुढे ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ या कथेत उतरला. १९२८ च्या जूनमध्ये तो ॲथॉलला कुक यांच्याकडे आला असता वॉर्नर मन यांनी त्याला जवळच्या नॉर्थ न्यू सेलेमजवळची ‘बेअर्स डेन’ नावाची खडकाळ घळ दाखवली, आणि त्याच उन्हाळ्यात लिहिलेल्या ‘द डनिच हॉरर’मध्ये ती घळ ओळखता येईल अशा रूपात आली. गूढकथेच्या इतिहासातल्या दोन अत्यंत प्रसिद्ध भूदृश्यांशी, अशा रीतीने, ॲथॉलच्या मुद्रकाचा आणि त्याच्या मित्रांचा प्रत्यक्ष संबंध आहे.

रिक्लूज प्रेसचा सर्वांत महत्त्वाकांक्षी आणि सर्वांत दुर्दैवी प्रकल्प ‘द शन्ड हाउस’ हा होय. प्रॉव्हिडन्सच्या बेनिफिट स्ट्रीटवरील एका खऱ्या घरावरून सुचलेली ही दीर्घकथा लव्हक्राफ्टने १९२४ मध्ये लिहिली होती आणि ‘वीअर्ड टेल्स’ने ती नाकारली होती. मासिकाने नाकारलेली कथा स्वतंत्र पुस्तक म्हणून काढण्याचे कुक यांनी ठरवले, लाँग यांची प्रस्तावना घेतली आणि १९२८ मध्ये सुमारे ३०० प्रतींचे फर्मे छापून पूर्ण केले. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली आणि घडी घातल्यावर क्रमाने लागणारी पाने. फर्मे छापून झाले म्हणजे पुस्तकाचे मुद्रण संपते, परंतु शिलाई आणि पुठ्ठ्याची बांधणी होईपर्यंत ते पुस्तक ठरत नाही. बांधणीचा स्वतंत्र खर्च कुक यांना उभा करता आला नाही. लव्हक्राफ्टच्या हयातीत त्याच्या कथेचे ग्रंथरूप निघण्याची ही पहिली संधी होती, आणि छपाई पूर्ण होऊनही ती हुकली. कुक यांच्याविषयी कितीही आदर असला तरी, उणीव केवळ शेवटच्या टप्प्याची असताना वर्षामागून वर्ष ते फर्मे पडून राहिले, ही हानी त्यांच्या कार्याचे मोजमाप करताना वजा करावीच लागते.

तिची कारणे मात्र आळसात नव्हती. जानेवारी १९३० मध्ये कुक यांच्या पत्नीचे निधन झाले आणि त्या आघाताने त्यांची प्रकृती व मनःस्थिती दोन्ही कोसळली. त्याच सुमारास देशभर महामंदी सुरू झालेली होती. रिक्लूज प्रेस बंद पडले, मोठ्या कष्टाने जमवलेला ग्रंथसंग्रह हातातून गेला, आणि त्यानंतरची काही वर्षे त्यांनी ॲथॉलपासून दूर, अस्थिर अवस्थेत काढली. त्यांतला काही काळ इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुई येथे गेला. ‘द शन्ड हाउस’चे उरलेले फर्मे १९३४–३५ मध्ये फ्लोरिडातील रॉबर्ट बार्लो या लव्हक्राफ्टच्या तरुण स्नेह्याकडे गेले. बार्लो स्वतः हौशी मुद्रक होता, परंतु त्यानेही मोजक्याच प्रती बांधल्या. लव्हक्राफ्ट १५ मार्च १९३७ रोजी वारला तेव्हा त्याच्या या कथेचे अधिकृत पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचलेले नव्हते; ‘वीअर्ड टेल्स’ने ती कथा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, छापली.

कुक यांचे उत्तरायुष्य व्हरमाँटमध्ये, नॉर्थ माँटपेलियर येथील कोट्स यांच्या ड्रिफ्टविंड प्रेसच्या आश्रयाने स्थिरावले. विलिस टी. क्रॉसमन या टोपणनावाने त्यांनी त्या प्रदेशातील जीवनावर कथा आणि कविता लिहिल्या. १९४१ मध्ये त्यांनी लव्हक्राफ्टच्या स्मृतीला वाहिलेली ‘इन मेमोरियम’ ही पुस्तिका या छापखान्यातून केवळ ९४ प्रतींची काढली. मित्राविषयीचे प्रेम आणि त्याच्या दुर्बलतांविषयीचा प्रामाणिकपणा यांचा असा समतोल त्या काळातल्या दुसऱ्या कोणत्याही आठवणींत आढळत नाही. १९१७ ची पहिली भेट, न्यूयॉर्कमधील दारुण वर्षे आणि त्यांतून बाहेर पडलेला अधिक परिपक्व माणूस यांचे जे चित्र चरित्रकारांनी पुढे रंगवले, त्याच्या मूळ रेषा या पुस्तिकेत आहेत. तिच्यातील मजकुराचा काही भाग आर्कम हाउसने १९४३ मध्ये काढलेल्या लव्हक्राफ्टच्या दुसऱ्या मोठ्या संग्रहात आला.

त्याच १९४३ मध्ये कुक यांनी ‘द घोस्ट’ हे शेवटचे पत्र सुरू केले. ते १९४७ पर्यंत वर्षाला एक या गतीने निघाले. मे १९४५ च्या अंकात त्यांनी लव्हक्राफ्टची बाजू मांडणारा एक लेख लिहिला, आणि ती बाजू टीकाकारांविरुद्ध नव्हे, तर भक्तांविरुद्ध होती. लव्हक्राफ्टच्या प्रत्येक किरकोळ लिखाणाला आणि पत्राला पूजेचा विषय बनवणाऱ्यांमुळे त्याच्या खऱ्या साहित्यिक स्थानाची हानी होईल, असा इशारा त्यात होता. ज्याने या लेखकाच्या कथा आरंभीच्या काळात छापल्या त्यानेच त्याच्या अतिरेकी स्तुतीला हरकत घ्यावी, यात विसंगती नाही. कोणता मजकूर खिळ्यांच्या श्रमाला पात्र आहे याचा निर्णय घेण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याच्याकडून हीच अपेक्षा ठेवता येते.

कुक १९४८ मध्ये निवर्तले. बार्लोचा मेक्सिकोत १९५१ मध्ये मृत्यू झाल्यानंतर ‘द शन्ड हाउस’चे शिल्लक फर्मे आर्कम हाउसच्या ताब्यात आले; त्या संस्थेने १९५९ मध्ये सुमारे ५० संच जसेच्या तसे, न बांधता विकले आणि १९६१ मध्ये सुमारे १०० संचांना पुठ्ठ्याची बांधणी करून ते ग्राहकांना दिले. ॲथॉलमध्ये १९२८ साली छापलेली ती पाने आज लव्हक्राफ्टच्या संग्राहकांमध्ये सर्वाधिक मागणी असलेल्या मुद्रणांपैकी एक आहेत.